डब्यातलं अमिनो आणि आईची पोटरी

पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाबरोबर आमच्या परळच्या इमारतीच्या ग्रुपवर हा फॉरवर्डही हटकून येतो: 'आजारपणात स्नायू झिजतात. पेशंटला दिवसातून दोनदा बीसीएए पावडर द्या. डाळ-अंडी पचायला जड, अमिनो ॲसिड थेट स्नायूत जातं. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. बाकी पूर्ण विश्रांती.' गेल्या वर्षी आईच्या न्यूमोनियानंतर मीही तो डबा आणला होता, म्हणून बोलतो.

पहिलं वाक्य खरं आहे, आणि माणूस फसतो तो तिथेच. अकरा दिवस अंथरुणात काढल्यावर आईची पोटरी धरली तर हाताला कातडीच जास्त लागायची. कमोडवरून उठताना ती नळाचा पाइप धरायची.

आता बीसीएए. अमिनो ॲसिडं म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या विटा, आणि बीसीएए म्हणजे त्यातली तीनच: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन, बस. शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी अमिनो ॲसिडं ९ आहेत. ल्युसीन स्नायूला 'काम सुरू करा' असा इशारा देतं, हे मान्य. पण साइटवर विटाच नसतील तर मुकादमाने ओरडून काय होणार? उरलेली ६ शरीर मग जुनेच स्नायू मोडून काढतं.

नऊच्या नऊ असलेली पावडरही मिळते आणि तिच्या बाजूने पुरावा आहे. २००४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात धडधाकट पुरुषांना २८ दिवस बिछान्यात ठेवलं. ज्यांना जेवणाच्या जोडीला दिवसातून तीनदा १६.५ ग्रॅम अमिनो ॲसिडं साखरेसोबत दिली, त्यांच्या पायांचे स्नायू टिकले. ताकद मात्र त्यांचीही घटली, इतरांपेक्षा कमी एवढंच. आणि ती माणसं आजारी नव्हती. ताप आणि शरीरातला दाह स्वतःच स्नायू मोडत असतात, तो भाग त्या प्रयोगात नव्हताच.

'थेट स्नायूत' हे नुसतं ऐकायला छान. पावडरही आतड्यातूनच रक्तात जाते आणि अंड्यातलं प्रथिनही शेवटी तिथेच सुटं होतं. आतडी ठीक असतील तर मऊ शिजलेली मूगडाळ आजाऱ्यालाही पचते.

खरा घोटाळा हिशेबाचा आहे. आजारी ज्येष्ठ माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. आईचं वजन ५२ किलो, म्हणजे रोज ६२ ते ७८ ग्रॅम. डब्यातले दोन स्कूप मिळून १० ग्रॅम. एका अंड्यात ६. आणि आम्ही तिला काय देत होतो? भाताची पेज, वर चिमूटभर मेतकूट, संध्याकाळी चहा-बिस्किट. त्यात ती पावडर कडू, त्यामुळे ती प्यायल्यावर पेजही अर्धी राहायची. शेवटी मुगाचं कढण, अंडं, दूध, पनीर आणि ताप उतरल्यावर बांगड्याचं कालवण, असं थोडं थोडं पाच वेळा सुरू केलं.

'अपाय शून्य' हे तर धोक्याचं. ग्लुटामिन हेही अमिनो ॲसिडच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, आयसीयूतल्या १,२०० हून जास्त अत्यवस्थ रुग्णांवरच्या चाचणीत ते दिलेल्या गटात सहा महिन्यांअखेर मृत्यू जास्त निघाले. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे किडनी मंदावली असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरनेच ठरवायचं, पावडरचं असो की डाळीचं. लिव्हर सिरॉसिसच्या काही रुग्णांना डॉक्टर बीसीएए मुद्दाम देतात, पण तो उपचार झाला, ग्रुपवरचा सल्ला नव्हे.

राहिली पूर्ण विश्रांती. वापरच नसेल तर नुसत्या खाण्याने स्नायूंची ताकद टिकत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर फिजिओथेरपिस्टने आईला खुर्चीतून उठ-बस करायला लावली, मग गॅलरीत भिंत धरून शेजारच्या दारापर्यंत. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली. चौथ्यांदा उठ म्हटल्यावर मला म्हणाली, "तूच ऊठ, आणि तो डबा आधी नजरेआड कर."