ओलीचे भाडे

पुण्यात भाड्याने घर शोधणाऱ्या सज्जनहो, गेल्याच महिन्यात मी एक सदनिका सोडली आणि साठ हजारांच्या अनामतीतले अठरा हजार ‘रंगकामापोटी’ मालकांच्या चरणी वाहिले; त्या पुण्याईवर चार शब्द सांगतो.

घर नेहमी एप्रिल-मे महिन्यांत पाहावे, कारण तेव्हा भिंती कोरड्या आणि डिस्टेंपर ताजा असतो.

स्वतःला भाडेकरू म्हणवून घेऊ नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक वाजवी वेळेत हलला नाही, तर भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत खर्च वळता करता येतो. आपण मात्र अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावरचे परवानाधारक! आपल्या वाट्याला कलम २४ येते, जे मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट शुल्क मागते.

करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे, हे पहिल्याच भेटीत बोलून चहाची चव बिघडवू नये.

पावती मागू नये.

जुलैत शयनगृहाच्या भिंतीला पोपडे येतील व कपाटामागे काळी बुरशी चढेल, तेव्हा नम्रपणे फोटो पाठवावेत. मालक वरच्या मजल्याकडे बोट दाखवतील, वरचे सोसायटीकडे, आणि सचिव म्हणतील की पत्र मालकाचेच हवे. ऑगस्टमध्ये मालक स्वतः येतील, भिंतीवर तळहात ठेवतील आणि विचारतील, “तुम्ही खिडक्या बंद ठेवता का?” माझ्या मुलीचा खोकला दोन महिने हटला नाही, तिचा पलंग ओढत ओढत आम्ही खोलीच्या मध्यावर आणला, आणि किल्ल्या देण्याच्या दिवशी त्याच भिंतीसमोर उभे राहून मालकांनी विचारले, “भिंत अशी कशी केलीत?”

अशी कशी केलीत? अहो, भिंत तुमची, गळणारी इमारत तुमची, आणि तुम्ही वाचल्याच्या निळ्या खुणा असलेले माझे अकरा संदेश अजून माझ्या फोनमध्ये आहेत. अनामत ही तुम्हाला मिळालेली देणगी नव्हे. अठरा हजारांचे रंगाऱ्याचे बिल मी तीनदा मागितले, तुम्ही एकदाही दाखवले नाही, कारण पोपडे खरवडून वर एक हात फिरवण्याला अठरा हजार लागत नाहीत. वॉचमन सांगत होता, नव्या बिऱ्हाडात तान्हे मूल आहे. पाळणा कुठल्या भिंतीला लावू नये, एवढे तरी त्यांना सांगितलेत का?