गॅमा झोताला अणुकेंद्र ओळखता येते, पदार्थाचे नाव नाही

न्यूक्लिअर रेझोनन्स फ्लुओरेसन्स या मोजमापपद्धतीविषयी एक दावा बराच फिरतो आहे. गॅमा किरणांचा झोत टाकला की बंद कंटेनरमधला कोणताही पदार्थ काही सेकंदांत नावानिशी ओळखता येतो, शिशाच्या भिंतीआडही काही लपत नाही, मात्र तपासलेली वस्तू किरणोत्सारी होते, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

प्रथम ‘कोणताही पदार्थ’. येथे अणुकेंद्र नेमक्या ऊर्जेचा फोटॉन (गॅमा किरणांचा ऊर्जाकण) शोषून उद्दीपित होते आणि पूर्वस्थितीत येताना आपली ठरलेली गॅमा रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण, सोडते. युरेनियम-235 ची 1733, युरेनियम-238 ची 2176 आणि प्लुटोनियम-239 ची 2143 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे सूक्ष्म एकक, किलो म्हणजे त्याच्या हजार पट) रेषा परिचित आहे. रासायनिकदृष्ट्या एकसारखे असलेले दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) बाहेरूनच वेगळे ओळखता येतात, ही या पद्धतीची खरी मातब्बरी. क्ष-किरणांच्या चित्राला ते साधत नाही. पण रासायनिक बंध हा इलेक्ट्रॉनांचा व्यवहार आहे आणि केंद्राला त्याची गंधवार्ताही नसते. हिरा असो वा ग्रॅफाइट, 4439 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला उत्तर कार्बनचेच येणार. हायड्रोजनची अडचण तर याहून मोठी आहे. साध्या हायड्रोजनचे केंद्र म्हणजे एकटा प्रोटॉन. या ऊर्जांच्या पल्ल्यात त्याला उद्दीपित पातळीच नसल्याने तो या मोजमापात उमटतच नाही. त्यामुळे पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या दोन्हींतून रेषा येतात त्या ऑक्सिजनच्याच. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या प्रमाणावरून स्फोटकाचा संशय घेता येतो, हे मान्य. तेवढ्यावर नाव मात्र ठरत नाही.

‘काही सेकंदांत’ हे विधान तर मोजणीचे गणितच विसरते. अणूंच्या औष्णिक हालचालीने रुंदावल्यावरही युरेनियमची रेषा जेमतेम एक-दोन इलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद असते, तर वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळवून मिळवलेल्या नेहमीच्या झोताची ऊर्जा लाखो इलेक्ट्रॉनव्होल्टांवर पसरलेली असते. कामाचा फोटॉन विरळा. बाकीचे इलेक्ट्रॉनांवरून विखुरून गॅमा किरण मोजणाऱ्या जर्मेनियम डिटेक्टरला भंडावतात. त्यांना अडवायला डिटेक्टरपुढे शिसे ठेवले, तर हवी असलेली रेषाही काही अंशी घटते आणि मोजणी लांबते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लेसरचा प्रकाश वेगवान इलेक्ट्रॉनांवर आदळवून बराच अरुंद झोत मिळवतात. पण 22 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टच्या झोताचा पसारा एक टक्का धरला, तरी तो 22 हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट भरतो.

शिशाचा मुद्दा अर्धा खरा आहे. आवरणामुळे रेषेची जागा बदलत नाही, तीव्रता मात्र झपाट्याने घसरते. 20 लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन सुमारे 1.3 सेंटीमीटर शिशात निम्मे होतात, म्हणजे 10 सेंटीमीटरच्या भिंतीतून साधारण दोनशेत एखादाच पार जातो, आणि उत्तरादाखल निघालेल्या फोटॉनला तीच भिंत पुन्हा ओलांडावी लागते.

राहिला किरणोत्सार. गॅमा फोटॉनने न्यूट्रॉन उखडायला बहुतेक केंद्रांना सुमारे 80 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, त्यामुळे युरेनियमच्या वरील रेषांसाठी वापरलेल्या कमी ऊर्जेच्या झोताने सामान्य माल किरणोत्सारी होत नाही. बेरिलियम (16.7 लाख) आणि ड्यूटेरियम (22.2 लाख) हे ठळक अपवाद आहेत. शिवाय नायट्रोजन-ऑक्सिजनच्या 70 लाखांच्या आसपासच्या रेषा गाठायच्या असतील, तर झोताची कमाल ऊर्जा किती ठेवली आहे हे विचारलेच पाहिजे. झोत चालू असताना मार्गात माणूस नको, कारण त्या वेळी शरीराला मिळणारा किरणांचा डोस खराच असतो.