दोन सावकार आणि एक घड्याळ

'चावी' ही माझी कथा छापून येऊन महिना झाला. त्यानंतर आलेल्या मेसेजेसची एक गंमत आहे. निम्म्या लोकांनी विचारलं, "मग खरं कोण बोलत होतं, बहीण की भाऊ?" उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांनी लिहिलं, "आठवणी किती फसव्या असतात हे छान दाखवलंय." पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरं कौतुक वाचून मात्र मी जरा खट्टू झाले. तेवढंच सांगायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता? आठवणी दगा देतात हे डोक्यावर चष्मा ठेवून घरभर तो शोधणाऱ्या माणसालाही माहीत असतं.

लेखकाने आपल्याच कथेवर बोलत बसू नये, या मताची मी होते. अजूनही आहे. पण कालच्या एका फोनमुळे आज राहवत नाही, म्हणून हा अपवाद.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वडील गेल्यावर बहीण-भाऊ घर आवरायला एकत्र येतात. दोघंही पन्नाशीच्या आसपासचे. आवरताना कपाटाच्या खणात वडिलांचं चावीचं मनगटी घड्याळ सापडतं. लहानपणी एका दुपारी फुटलेलं. बहिणीला पक्कं आठवतं, की घड्याळ धाकट्याने पाडलं, आणि त्याला वाचवायला 'मी पाडलं' म्हणून मार तिने खाल्ला. भावाला तितकंच पक्कं आठवतं, की पाडलं ताईने आणि तिच्या वाटचा मार त्याने खाल्ला. दोघांनीही हे कधी बोलून दाखवलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा विषय निघतो. आणि हातातल्या घड्याळाची काच तर धडधाकट आहे.

तर, हा प्रसंग माझा आहे. म्हणजे तो माझा आहे असं मी आजवर धरून चालले होते. घरात दादा आणि मी. मार खाणारी मी. कथेत दोघांची वयं उलटी केली, एवढाच काय तो आडपडदा.

पहिला खर्डा मी प्रथमपुरुषी लिहिला होता, बहिणीच्या तोंडून. दोन दिवसांत झरझर लिहून झाला, तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. एका मैत्रिणीला वाचायला दिला. तिने चार दिवसांनी एवढंच कळवलं, "छान आहे. पण यात तू फार चांगली आहेस." मी नाही, पात्र, असं उत्तर टाइप केलं आणि खोडलं. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. मग खर्डा पुन्हा वाचला आणि पटलं. ती कथा नव्हती, तक्रारअर्ज होता. खाली सही करून 'आपली नम्र' लिहायचं तेवढं राहिलं होतं.

मग केवळ एक खोडी म्हणून मी भावालाही तीच आठवण देऊन टाकली. जशीच्या तशी. त्यातही तोच त्याग, तोच मार आणि तेच गप्प राहणं. तोपर्यंत माझ्या डोक्यात आशय, विषयसूत्र वगैरे काही नव्हतं. पण दोघांना समोरासमोर बसवल्यावर जे दिसलं ते मी ठरवून कधीच लिहू शकले नसते. दोघंही सावकार निघाले! चाळीस वर्षं दोघांच्याही वहीत दुसऱ्याच्या नावावर एक रक्कम मांडलेली. बहीण मनात म्हणते, मी याच्यासाठी मार खाल्लाय. भाऊही तेच म्हणतो. वडिलांच्या आजारपणात रात्री कोणी थांबायचं यावरून त्यांचं वाजतं, तेव्हा वरवर भांडण झोपेचं असतं, पण आत दोघांनाही वाटत असतं की आपण आधीच देऊन बसलोय, आता पाळी दुसऱ्याची. दोघंही मोठ्या मनाने मागणी करत नाहीत. आणि समोरच्याला आपल्या या मोठ्या मनाची दखलच नाही म्हणून आतल्या आत धुमसतात. दखल कुठून असणार? त्याच्या हिशेबात तो देणेकरीच नाही.

माझ्या लेखी 'चावी' ही एवढीच गोष्ट आहे. दोन सावकार आणि कर्जदार कोणीच नाही. आठवण चुकीची की बरोबर हा मुद्दा त्यात असलाच तर दुय्यम. कारण समजा उद्या त्या दुपारचं चित्रीकरण सापडलं आणि बहीण खरी ठरली, तर भावाने चाळीस वर्षं मनात जपलेल्या त्या मोठेपणाचं काय करायचं? तो मोठेपणा खोटा नव्हता. त्या जोरावर त्याने तिचं बरंच काही सोसलंय. मार खाल्ला नसेलही, पण त्यावरचं व्याज त्याने सोडून दिलं होतं, ते तर खरंच होतं ना?

आता काचेबद्दल. त्यावरून मला सगळ्यात उपयोगी पत्र आलं. घड्याळदुरुस्तीत आयुष्य गेलेल्या एका वाचकाने लिहिलं, "जुन्या चावीच्या घड्याळांना बहुतेकदा ॲक्रिलिकची काच असते. तिला चरे पडतात, तडा जातो. तिचा चुरा होत नाही. तुमचा भाऊ जमिनीवरून काचेचा चुरा गोळा करतो, ते काही जमत नाही." वाचून मी आधी कपाळावर हात मारला. कथा लिहिताना मी जुनं घड्याळ टेबलावर घेऊन बसले होते. चावीचे बारीक दाते बोटाच्या पेराला कसे घासतात, चावी देताना आधी ती सैल फिरते आणि मग हळूहळू कशी जड होत जाते, बरीच वर्षं बंद असलेलं घड्याळ मनगट हलवल्यावर चार टिकटिक करून कसं पुन्हा गप्प होतं, हे सगळं मी टिपून घेतलं. कथेचं नावही त्यातूनच आलं. (आधीचं नाव 'साक्षीदार' होतं. बरं झालं बदललं, नावातच निकाल लागला असता.) काचेवरून मात्र नुसती नजर फिरवली. ती फुटते कशी हे बघायला ती फोडावी लागली असती.

पण मग वाटलं, हा चुरा भावाच्या आठवणीतला आहे, जमिनीवरचा नाही. असू दे. आणि त्या निमित्ताने थोडं शोधत गेले, तर हाती काय लागावं? काचच.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ सालचा प्रयोग. १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटीशी फिल्म दाखवली. नंतर ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना धडकल्या तेव्हा त्यांचा वेग किती असेल? दुसऱ्या ५० जणांना प्रश्न तोच, फक्त क्रियापद जोरकस, आपल्याकडे 'गाड्यांचा चक्काचूर झाला' म्हणू तसं. उरलेल्या ५० जणांना वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये फुटलेली काच नव्हतीच. तरी जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण 'हो' म्हणाले. नुसतं 'धडकल्या' ऐकलेल्यांपैकी ७, आणि ज्यांना काहीच विचारलं नव्हतं त्यांच्यातले ६.

हे वाचल्यावर मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. कारण आमच्या घरात त्या घड्याळाबद्दल कोणीही कधी 'पडलं' असं म्हणायचं नाही. 'फोडलं' म्हणायचे. 'घड्याळ फोडलं त्या दिवशी', 'घड्याळ फोडलं तेव्हाची गोष्ट'. मराठी या बाबतीत फार तयारीची भाषा आहे. 'पडलं' आणि 'पाडलं' यांत एका कान्याचा फरक. पण त्या कान्याला अख्खा आरोपी लटकलेला असतो. आणि 'फोडलं' म्हटलं की आरोपी तर आलाच, वर काचही आली. मला चुरा आठवतो तो डोळ्यांनी पाहिला म्हणून, की ते क्रियापद वर्षानुवर्षं कानावर पडलं म्हणून, हे आता मी शपथेवर सांगू शकणार नाही.

याहून चरकले ते दुसऱ्या एका अभ्यासाने. मर्सिडीझ शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी २००१ मध्ये प्रौढ जुळ्या भावंडांवर केलेला. २० जोड्यांना ठरावीक शब्द दिले आणि त्यावरून आठवेल ती घटना सांगायला सांगितली. २० पैकी १४ जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली, जी दोघांनाही स्वतःचीच वाटत होती. सायकलवरून पडलो तो मी, नाही मी, असली. जुळी नसलेली भावंडं आणि मित्र यांच्यातही हा प्रकार सापडला, प्रमाण कमी असलं तरी. याच मंडळींच्या पुढच्या कामात दिसलं, की माणसं पराक्रमाच्या आणि सोसल्याच्या आठवणी स्वतःकडे ओढतात, आगळिकीच्या दुसऱ्याच्या पदरात टाकतात.

म्हणजे मी जी खोडी समजत होते ती चांगली मोजून झालेली गोष्ट होती. हे आधी वाचलं नाही ते बरंच झालं. वाचलं असतं तर भावाच्या तोंडी एखादं शहाणं वाक्य घातलं असतं आणि कथेचा निबंध झाला असता.

शेवटाबद्दल दोनच शब्द. "शेवट अर्धवट सोडून पळ काढलात," असं एकाने लिहिलंय. पळ काढलेला नाही, उलट अडकून पडले होते. दोघांच्या बाजू आळीपाळीने मांडल्या तर वाचक शेवटी बोललेल्यावर विश्वास ठेवतो, हे मला चौथ्या खर्ड्याला कळलं. शेवट बहिणीकडे दिला की ती खरी वाटायची, भावाकडे दिला की तो. मग शेवटच्या परिच्छेदातून दोघांचीही वाचा काढून घेतली. भाऊ चावी देतो, घड्याळ थोडा वेळ चालतं, दोघं ऐकतात. त्यातही एका संपादकांनी सुचवलं होतं की ते चालू राहू दे, आशादायक वाटेल. मी नाही म्हटलं. इतकी वर्षं तेल न मिळालेलं घड्याळ आशा दाखवायला म्हणून चालत नाही.

आता तो फोन.

कथा छापून आल्यावर अंक दादाला पाठवला होता. महिनाभर त्याचा काही आवाज नाही. मीही विचारलं नाही, कारण कथेत काही झालं तरी खरा मार मी खाल्ला होता आणि हे त्यालाही ठाऊक असणार, असं मी गृहीत धरलं होतं. (सावकारी कथेतून काढून टाकली तरी स्वभावातून जात नाही.) काल रात्री त्याने फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "कथा वाचली. छान लिहिलीस. पण असं काही झालंच नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे मार तुला बसला होता म्हणायचंय?"

"नाही गं. मार कोणालाच बसला नाही. बाबांनी घड्याळ उचललं, कानाला लावलं, हलवून बघितलं, खिशात टाकलं आणि कामावर गेले. एक शब्द बोलले नाहीत. आपण दोघं संध्याकाळपर्यंत मार बसायची वाट बघत बसलो होतो."

मला काय बोलावं सुचेना. बाबा आता नाहीत. मी तसाच फोन चालू ठेवून पलीकडच्या खोलीत आईला विचारायला गेले, की बाबांचं घड्याळ फुटलं तेव्हा मार कोणाला बसला होता? आई म्हणाली, "कुठलं घड्याळ?"

परत येऊन दादाला म्हटलं, "वाट बघत बसलो म्हणजे कुठे?"

"जिन्यात. मी खालच्या पायरीवर आणि तू माझ्या वरच्या. माझ्या पाठीत गुडघे खुपसून."

आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत एकदाही न आठवलेला तो जिना मला लख्ख दिसला. गार फरशी, वरून येणारा उजेडाचा पट्टा, पाठीत रुतलेले दोन टोकदार गुडघे.

"चूक," मी म्हटलं. "खालच्या पायरीवर मी होते."