चूक पादचाऱ्याची असली तरी विमा बुडत नाही

'झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणाऱ्याला दुचाकीची धडक बसली, तर विमा कंपनी रुपयाही देत नाही,' असा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फिरतोय. तो खोटा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध करावंच लागत नाही: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. जास्त हवे असतील तर कलम १६६. तिथे मात्र पादचाऱ्याच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाते.

म्हणून जागेचा पंचनामा महत्त्वाचा. बेळगाव भागात तो कन्नडमध्ये असतो. ब्रेकच्या खुणा, गाडी पडलेली जागा, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर नीट वाचून घेतल्याशिवाय सही नकोच. अपघात महाराष्ट्रातल्या चंदगडला झाला तरी बेळगावात राहणाऱ्याला इथल्याच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावता येतो. अर्ज अपघातापासून ६ महिन्यांच्या आत करा.