डलहौसीच्या गावातून, आरक्षणाच्या भांडणाकडे

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत आरक्षणावरून पेटलं. आम्ही साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुका, त्यामुळे 2023 पासून जरांगे, कुणबी दाखला आणि नंतर 2024 चे ते 10 टक्के याशिवाय ग्रुपवर विषयच नाही, आणि यावेळी चुलतभावाने मला टॅग करून टाकलं, "दादा तू सांग, तिकडं कॅनडात असलं काय नसतं ना, फक्त मेरिट." इकडे रात्रीचे दोन वाजलेले. "असतं रे बाबा" एवढंच टाकून झोपलो. आता नीट लिहितो.

मी राहतो हॅलिफॅक्सला, नोव्हा स्कोशियात. इथल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव डलहौसी. हो, तेच घराणं. 1818 ला ही काढली ती बापाने, आणि 1848 ला साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते पोराने. बसमधून पहिल्यांदा ती पाटी बघितली तेव्हा हसूच आलं, म्हणलं एवढ्या लांब आलो तरी ह्यांनी पाठ सोडली नाही. बाप पण काही कमी नव्हता. तो इथला गव्हर्नर झाला तेव्हा अमेरिकेतल्या गुलामीतून सुटलेली साधारण दोन हजार काळी माणसं नुकतीच इथे येऊन पडली होती, उपाशी, खडकाळ जमिनीवर. त्यांच्याबद्दल त्याने 1816 ला लंडनला कळवलं की ह्यांना स्वातंत्र्य म्हणजे आळस एवढंच कळतं, ह्यांच्याकडून कष्ट व्हायचे नाहीत. हे वाचताना मला आमचा ग्रुप आठवला, खोटं कशाला बोलू. 2019 ला युनिव्हर्सिटीने ह्या सगळ्यावर रिपोर्ट आणला आणि माफी मागितली.

तर ह्याच डलहौसीत 1970 पासून ट्रान्झिशन इयर प्रोग्राम आहे, सगळे टीवायपी म्हणतात. इथले पिढ्यानपिढ्याचे काळे लोक आणि इथले मूळचे मिगमॉ आदिवासी, ह्यांच्यासाठी. का, तर नोव्हा स्कोशियात काळ्या पोरांच्या वेगळ्या शाळा होत्या आणि त्यातली शेवटची बंद झाली 1983 ला (आपल्याला वाटतं हे फक्त अमेरिकेत असायचं), आणि मिगमॉ पोरांना घरातून उचलून शुबेनाकाडीच्या निवासी शाळेत टाकायचे, भाषा बोलली की मार. ती 1967 पर्यंत चालली. अशा घरातल्या माणसाला मार्कशीट बघून आत घ्यायचं तर घेणार कोणाला? म्हणून डिग्रीच्या आधी एक वर्ष. इंग्रजी, गणित, अभ्यास कसा करायचा ते, आणि सोबत स्वतःच्या लोकांचा इतिहास. येणारे सगळे अठराचे नसतात, पोरंबाळं असलेल्या बायका येतात, मधेच शाळा सुटलेले येतात.

हे उभं करणाऱ्यांत रॉकी जोन्स नावाचा एक चळवळ्या होता. 1968 ला त्याच्यामुळे ब्लॅक पँथरवाले (अमेरिकेतली काळ्यांची लढाऊ संघटना) हॅलिफॅक्सला येऊन गेले तेव्हा पोलिसांची झोप उडाली होती. आपल्याकडे दलित पँथर 1972 ला, म्हणजे वारं एकच. हा रॉकी पुढे पन्नाशीला येऊन डलहौसीतच वकिली शिकला, तिथेही काळ्या आणि मिगमॉ विद्यार्थ्यांसाठी 1989 ला वेगळी सोय झाली होती. आणि भावा, हे काही चोरून चालत नाही, कॅनडाच्या 1982 च्या चार्टरमध्येच, म्हणजे घटनेतल्या मूलभूत हक्कांत, कलम 15 मध्ये लिहिलंय की मागे पडलेल्यांसाठी खास योजना केली तर तो भेदभाव होत नाही.

पण मला सांगायचंय ते प्रवेशाचं नाहीच, शिकवणाऱ्यांचं आहे. ओळखीतल्या एक बाई, आता रिटायर झाल्यात, काळ्या वस्तीतच वाढलेल्या, असल्याच एका प्रोग्रामला गणित शिकवायच्या. म्हणायच्या पहिले दोन आठवडे मी अपूर्णांकाला हातच लावत नाही, कोण कुठून दोन बस बदलून येतं, कोणाचं मूल कुठे असतं ते आधी बघते, कारण वर्ग सोडून जाणारा माणूस गणितामुळे जात नाही, गणित हे सांगायचं कारण असतं. आणि हे त्यांना कळायचं कारण त्या स्वतः तशाच एका वर्गातून उठून गेल्या होत्या आणि परत आल्या होत्या.

आता माझा पुण्यातला रूममेट. जालन्याकडचा, एससी सीटवर आलेला, मी ओपनमधून. दोघंही मराठी मीडियम. पहिल्या वर्षी फिजिक्सचे सर इंग्रजीत फळ्याशी बोलायचे आणि निघून जायचे. माझ्या मामाने ट्यूशन लावून दिली, त्याला कोण लावणार? त्याचं वर्ष गेलं. तेव्हा मी पण मेसमध्ये "फुकटची सीट" वगैरे बोललोय, आता लाज वाटते. त्याने पुढे एमएस्सी केलं, सेट काढली, आणि आज दहा-बारा वर्षं झाली तासिका तत्त्वावर शिकवतोय. तासाप्रमाणे पैसे, ते पण महिने-महिने अडकलेले, मे महिना कोरडा, जूनमध्ये परत इंटरव्ह्यू. त्याच्या वर्गात आज तसाच एखादा जालन्याचा पोरगा बसलेला असणार आणि ह्याला त्याचं दुखणं बरोबर कळत असणार, पण ह्याला लगेच दुसरा तास गाठायला दुसऱ्या कॉलेजात पळायचं असतं.

बाबासाहेबांना हे कळत होतं. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ आणि 1950 ला औरंगाबादला मिलिंद काढलं तेव्हा नुसती दारं उघडली नाहीत, नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, शिकवायला माणसं निवडून आणली. पुढे मिलिंदला अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे प्राचार्य झाले, ते तिथल्या काळ्यांचं साहित्य पोरांना सांगायचे. आपण तिथून सुरू करून कुठे आलो, तर 13 पॉइंट रोस्टरवर, म्हणजे कितवी जागा राखीव ते ठरवणाऱ्या यादीवर. शिक्षकांच्या जागा विद्यापीठाप्रमाणे मोजायच्या की डिपार्टमेंटप्रमाणे, हा वाद. डिपार्टमेंटप्रमाणे मोजलं की राखीव जागा गायब होत होत्या, शेवटी 2019 ला कायदा करावा लागला. आमच्या ग्रुपवर त्याचा एक मेसेज नव्हता.

इथलं पण सगळं गोड नाही. टीवायपीची बॅच लहानच असते, आणि कॅनडातही युनिव्हर्सिट्यांत कॉन्ट्रॅक्टवरचे शिकवणारे भरपूर, चार महिन्यांच्या सेमिस्टरपुरते. 2018 ला डलहौसीने एका मोठ्या पदासाठी फक्त गोरे नसलेले आणि आदिवासी उमेदवार बघायचं ठरवलं तेव्हा इथल्या पेपरांतही "मेरिटचं काय" सुरू झालंच होतं.

हे सगळं काल ग्रुपवर व्हॉइस नोटमध्ये बोललो, अकरा मिनिटं. कोणी ऐकली नसणार. म्हणून मग भावाला डायरेक्ट फोन केला. त्याच्या पोराला यंदा कुणबी दाखल्यावर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीय, खूश होता, पेढ्यांचा फोटो पण पाठवला होता. मी विचारलं, मॅथ्सला कोण आहे त्याला?

"अजून कोण आलं नाय. दिवाळीनंतर येतील म्हणतायत."