मानल्यानं ना पूर उतरतो, ना विष

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘वास्तव नावाची पक्की गोष्ट नसतेच. तुम्ही मनापासून मानता तेच खरं होतं. क्वांटम भौतिकीनं हे सिद्ध केलंय. भातालासुद्धा आपले शब्द कळतात. १९९५ साली साऱ्या देशानं मानलं, म्हणून गणपती दूध प्यायला. पैसाही विश्वासावरच चालतो. श्रद्धेनं रोग बरे होतात, सापाचं विषही उतरतं.’ पाठवणारी माणसं आपल्याच नात्यातली, ओळखीतली आहेत, कुणाचं वाईट चिंतणारी नाहीत. पण शेवटच्या वाक्यानं माणूस दगावू शकतो. म्हणून गप्प बसवत नाही.

क्वांटम या शब्दाचा धाक मोठा, म्हणून आधी तेच घेऊ. अणू-इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचं हे शास्त्र. मेसेजचा रोख दोन फटींच्या प्रयोगाकडे आहे. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन बारीक फटींकडे सोडले, की पलीकडच्या पडद्यावर हळूहळू लाटांचे असावेत तसे पट्टे उमटतात. कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे टिपायला यंत्र बसवलं, की पट्टे नाहीसे होतात. ‘बघितल्यानं वास्तव बदलतं’ म्हणतात ते हे. पण इथं बघणं म्हणजे कुणीतरी डोळे लावून बसणं नव्हे. इलेक्ट्रॉनची यंत्राशी किंवा प्रकाशाशी गाठ पडावी लागते. ती पडली, की प्रयोगशाळेला कुलूप लावून सगळे जेवायला गेले तरी पट्टे मोडतात. शिवाय पुढचा इलेक्ट्रॉन पडद्यावर नेमका कुठं आदळेल हे कुणालाच इच्छेनं ठरवता येत नाही, फक्त शक्यता मांडता येते. क्वांटमच्या जोरावर मनासारखं स्थळ आणि मनासारखी नोकरी मिळवू पाहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: त्या शास्त्रात एक इलेक्ट्रॉनसुद्धा कुणाच्या मनासारखा वागत नाही.

श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाचं कल्पनेतलं मांजरही या मेसेजात पुरावा म्हणून येतं. १९३५ साली श्रोडिंगरनं ते मांडलं, ते अणूंचे नियम जसेच्या तसे मांजराला लावले तर किती विचित्र निष्कर्ष निघतो हे दाखवायला. एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं मांजर त्याला स्वतःलाच पटत नव्हतं.

भाताच्या दोन बरण्यांचं फार वेळ घेत नाही. एकीला रोज गोड बोलायचं, दुसरीला शिव्या द्यायच्या, आणि शिव्यांची बरणी आधी नासते म्हणे. कोणत्या बरणीत हात जास्त गेला, कोणत्या झाकणात फट होती, यावर बुरशी ठरते. खरंच बघायचं असेल तर वीस-वीस बरण्या घ्या, आणि निकाल देणाऱ्याला कोणती लाडकी हे सांगू नका.

आता गणपती. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. देवळांपुढं रांगा लागल्या, चमचा सोंडेला टेकवला की दूध कमी होत होतं. ज्यांनी ते पाहिलं ते खोटं बोलत नाहीत. चमच्यातलं दूध खरंच जात होतं. भरलेल्या चमच्यात द्रवाचा पृष्ठभाग वर फुगलेला असतो. तो दगडाला टेकला की दूध दगडाकडं ओढलं जातं आणि पातळ थरानं मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरा थर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ सोंडेवरून उतरताना साफ दिसला. दूध मूर्तीच्या पायाशी साचत होतं, तिथून गटारात जात होतं. मला याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. काही दिवसांत हा सगळा प्रकार थांबला. लोकांची श्रद्धा आठवडाभरानं आटली का? नाही. तेच भक्त, तोच गणपती. मानण्यानंच दूध जात असतं, तर ते थांबायला नको होतं.

पैशाचा मुद्दा मात्र बरोबर आहे, आणि तो मी मनापासून मान्य करतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटांचा कागद होता तसाच राहिला, किंमत गेली. काही गोष्टी आपण सगळे मिळून मानतो म्हणूनच उभ्या असतात: नोट, तालुक्याची हद्द, बाजारभाव. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघा. यंदा आवक कमी राहणार असं व्यापाऱ्यांना वाटलं, की दर चढतो. माल तोच असतो. पण त्याच हळकुंडात कुर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक, किती, हे कुणाच्या वाटण्यावर ठरत नाही, ते प्रयोगशाळेत मोजतात. ओलावा जास्त असेल तर कुणी काहीही मानो, माल टिकत नाही. दर माणसांनी मानलेला, ओलावा हळदीतला. मेसेज लिहिणाऱ्यानं या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात.

हळद साठवायला हरिपुरात जमिनीखाली पेवं होती. वर्षानुवर्षं माल सुखरूप राहायचा, म्हणून त्यांच्यावर व्यापाऱ्यांचा गाढ विश्वास होता. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि हळद कुजली. विश्वासात काही कमी नव्हतं. म्हणून पावसाळ्यात सांगलीत आस्तिक-नास्तिक सगळे एकच प्रश्न विचारतात: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. हाच मेसेज पाठवणारे आमचे एक काका ऑगस्टमध्ये दर तासाला फूट-इंच कळवत असतात, आणि त्यांच्या त्या मेसेजवर गल्लीतली माणसं सामान माडीवर चढवतात. काकांचं ते काम मला फार मोलाचं वाटतं.

राहिलं विष. श्रद्धेनं दुखणं कमी वाटू शकतं हे खरं आहे. साध्या साखरेच्या गोळीनंही वेदना, मळमळ थोडी कमी होते, हे वैद्यकशास्त्रच सांगतं. पण विष रक्तात आणि नसांवर काम करतं, त्याला आपलं मन विचारत नाही. मग मांत्रिकाकडं नेलेली माणसं वाचतात कशी? चावलेला साप बहुतेकदा बिनविषारी असतो, धामण नाहीतर दिवड. विषारी सापही कधीकधी चावतो पण विष सोडत नाही. ती माणसं मंत्राशिवायही वाचली असती. वाचलेला गावभर सांगत फिरतो. घोणस चावून मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला सांगायला उरत नाही. भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं मरतात, असा २०२० मधल्या अभ्यासाचा अंदाज आहे.

साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या, तो २०१३ साली त्यांच्या खुनानंतर आला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडे-दोरे करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे. देवाला हात जोडायला त्यात कुठंही मनाई नाही.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आपल्याकडच्या या चारही सापांवर एकच लस चालते. साप कोणता ते ओळखत बसू नका, मारायला धावू नका. जखम कापू नका, दोरी आवळू नका, चावलेला हातपाय हलू देऊ नका, आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा. घरच्यांना मांत्रिक हवाच असेल तर त्यालाही तिथंच बोलवा. सलाईन चालू झाल्यावर तो कॉटशेजारी बसून हवे तेवढे मंत्र म्हणू दे.