अनारशाची मलमपट्टी

आमच्या घरात सकाळी पोहे खाताना ‘अनारशाला आज पू आला का?’ असं विचारलं तरी कुणाचा घास अडत नाही. पाहुणे आलेले असले की मात्र खुलासा करावा लागतो. अनारसा म्हणजे आमच्या तीन पाळीव उंदरांपैकी पांढरा. उरलेले दोघे चिवडा आणि शंकरपाळा. लेकीने ते दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीकडून आणले, म्हणून नावं फराळाची. तिघे सख्खे भाऊ, एकाच वेतातले. उंदीर कळपात राहणारा प्राणी, एकटा ठेवला तर झुरतो, असं सगळे जाणकार सांगतात. म्हणून तिघेही आले. आईचं यावर म्हणणं असं, की बाप्पाने आजवर एकच ठेवलाय, आणि मोदकाच्या ताटाशी बसून त्याने कुणाला चावल्याचं ऐकिवात नाही.

लहान होते तोवर तिघे एकमेकांच्या अंगावर पडून झोपायचे. पाच-सहा महिन्यांचे झाले आणि नर उंदराच्या अंगात जे संचारतं, ते चिवड्याच्या अंगात संचारलं. केस पिंजारायचे, पाठीची कमान करायची आणि आडवं आडवं चालत समोरच्याला कोपऱ्यात रेटायचं. मग दोघेही मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना थपडा मारणार. शेवटी एक जण उताणा पडणार आणि विषय संपणार. हे रोजचंच, त्यात आपण पडायचं नसतं. उताणं पडूनही ज्या दिवशी विषय संपत नाही, त्या दिवशी बीटाडीन काढायचं.

भांडण कशावरून सुरू झालं, हे कळायला काही मार्ग नाही. उंदरांची बरीचशी बोलणी आपल्या कानांच्या वर चालतात. भीती, तक्रार वगैरे 22 किलोहर्ट्झच्या आसपास, खेळण्याची खुशी 50 च्या आसपास; आणि माणसाचं ऐकणं फार तर 20 ला संपतं. म्हणजे शिवीगाळ, आरोप, जुने हिशेब हे सगळं आपल्यासमोर पार पडलेलं असतं आणि आपल्या कानावर येते ती थेट शेवटची किंकाळी. तेवढ्या पुराव्यावर घरात निवाडा मात्र लगेच झाला. लेकीने चिवड्याशी बोलणं टाकलं. आईने ‘त्याचीही काही बाजू असेल’ म्हणत त्याला चोरून मटारचे दाणे द्यायला सुरुवात केली. ही तीच आई, जिने माळ्यावर अजून सापळा लावून ठेवलाय. माळ्यावरचे वेगळे, आणि हे आपले.

लेक पहिल्यांदा किंचाळली ती अनारशाचे डोळे बघून. डोळ्यांच्या कडा लाल, नाकपुड्यांशी लाल. उंदीर तपासणारे डॉक्टर गावात शोधावे लागतात. कुत्रा-मांजर सोडून ‘बाकीचे’ बघणाऱ्या एक मॅडम सापडल्या. त्यांच्याकडे समोरच्या बाकावर पेशंट म्हणून एक बोका मलूल पडला होता. आमचा डबा बघताच तो ताडकन उठून बसला. त्याच्या मालकिणीने आमचे आभार मानायचे तेवढे बाकी ठेवले. मॅडमनी ओल्या कापसाने अनारशाचे डोळे पुसले. म्हणाल्या, “हे रक्त नाही. पॉर्फिरिन. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं, ताण आला की जास्त येतं. जखम इकडे आहे.” त्यांनी शेपटीच्या वरचे केस बाजूला केले. मुगाच्या दाण्याएवढं भोक. उंदराची चावण्याची तऱ्हाच अशी, की बाहेर टिकली आणि आत खोली. त्यात उंदराची कातडी लवकर भरते, म्हणजे वरून झाकण लागतं आणि आत गळू तयार होतं. तेव्हा शेकत राहायचं, वरची खपली मऊ ठेवायची, जखम आतून भरून येऊ द्यायची. आणि हे वारंवार व्हायला लागलं, तर चिवड्याला न्यूटर करायचं, म्हणजे खच्ची. मॅडम हे अगदी सहज बोलून गेल्या. मी उगाच पायावर पाय टाकून बसलो.

चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेलो. तिथे चिठ्ठीच्या मथळ्याकडे कोणी बघत नाही, नजर थेट औषधावर जाते. औषध लहान मुलांच्या अँटिबायोटिकचे ड्रॉप्स. वर आमचं आडनाव, वय 7 महिने, वजन 420 ग्रॅम. मेडिकलवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, “सातव्या महिन्यातलं का हो?”

मी काही बोलायच्या आत मागच्या बाईंनी “अगं बाई!” केलं. दुसऱ्या एकीने पर्समधून अंगाऱ्याची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. “काचेच्या पेटीत ठेवलंय ना?” मेडिकलवाल्याने विचारलं. “जाळीच्या,” मी म्हणालो. रांगेतल्या पाच-सहा जणांच्या डोळ्यांत पाणी आलेलं असताना ‘उंदीर आहे’ हे जाहीर करायला जे धैर्य लागतं, ते माझ्यात नव्हतं. सिरिंजचे पैसेही त्याने घेतले नाहीत.

मलमपट्टी म्हणतात खरी, पण त्यातली पट्टी टिकत नाही. आयुष्यभर वाढत राहणारे दात ज्याच्या तोंडात आहेत, त्याला बँडेज बांधणं म्हणजे खाऊ देणं. आणि मलमही सरसकट चालत नाही, कारण लावलेलं सगळं चाटलं जातं; झिंकचं किंवा बधिर करणारं मलम तर दूरच ठेवायचं. तेव्हा उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ, त्याने धुवायचं. मग भरपूर पाणी घालून फिकट केलेलं बीटाडीन. लेक टॉवेलमध्ये गुंडाळून धरते, फक्त मागची बाजू उघडी. मी कापूस घेऊन पुढे होतो. कापूस टेकला की अनारसा आधी ताठ होतो, मिश्या पुढे येतात, आणि मग माझ्या मनगटावर कोमट धार लागते. नर उंदीर आपल्या मालकीच्या वस्तूंवर अशी खूण करत असतो. माझी मालकी दिवसातून दोनदा नव्याने नोंदवली जाते.

एके दिवशी आम्ही बाहेर असताना आईने घरगुती उपाय केला. परत येऊन बघतो तो अनारसा हळदीला बसलेल्या नवरदेवासारखा नखशिखांत पिवळा. त्याने ती हळद चाटली. शेजारच्या पिंजऱ्याच्या गजांतून नाक घालून चिवड्यानेही चाटली, शंकरपाळ्यानेही. तिघांची तोंडं पिवळी, खाली अंथरलेले आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे पिवळे. जखम तेवढी कोरडी होती, कारण तिथे हात लावायची आईला भीती वाटली होती.

औषध पोटात घालणं हा वेगळाच छळ. उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे तो अनोळखी पदार्थाचा आधी कणभर भाग खाऊन बघतो, आणि पोटात काही बिनसलं तर त्या चवीचं नाव कायमचं काढून टाकतो. म्हणूनच उंदीर मारायची बरीचशी औषधं उशिरा लागू पडणारी करतात, संशय येऊ नये म्हणून. आम्ही ड्रॉप्स श्रीखंडात कालवले. अनारशाने एक बोट चाटलं, माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून श्रीखंड सोडलं. केळं सोडलं. नाचणीची पेज सोडली. आई म्हणाली, “तरीच! इतकी वर्षं माळ्यावर गोळ्या टाकतेय, एक मेला शिवत नव्हता.” शेवटी बिनसुईची सिरिंज ओठांच्या कडेतून आत आणि थेंब थेंब.

दरम्यान दोन्ही पिंजरे शेजारी ठेवलेले. गुन्हेगार आणि फिर्यादी गजाला गज लावून, पाठीला पाठ टेकवून झोपायचे. लेकीचा अबोला चालूच. आईचे मटारही चालूच.

जखम भरली तेव्हा तिघांना मॅडमनी सांगितल्याप्रमाणे तटस्थ जागी, म्हणजे न्हाणीघरात सोडलं. मी जाड हातमोजा घालून, लेक टॉवेल घेऊन, आई झाडू घेऊन दारात. चिवड्याने अनारशाचा कान हुंगला, मग त्याचे केस विंचरू लागला. लेकीचे डोळे भरून आले, तिने अबोला सोडला. तेवढ्यात आमच्या गरीब बिचाऱ्या अनारशाने चिवड्याच्या मांडीचा लचका तोडला.

पुन्हा मॅडम, पुन्हा चिठ्ठी. वय 7 महिने खोडून 8 लिहिलेलं, वजन 460. मेडिकलवाल्याने मला ओळखलं, काउंटरवरून वाकून हळूच विचारलं, “पहिलं कसंय?”

“ठणठणीत. हा त्याचा भाऊ.”

“जुळं होतं का?”

“तिळं,” मी म्हणालो.